अस्तंभ्याला पळत जायचं आणि डाईकवरची शिळाही चढायची: आठवडा कसा लावायचा?

तापीकाठ

मंडळी, दोन गोष्टी डोक्यात घेतल्यात आणि दोन्ही एकमेकींच्या पायात पाय घालून राहिल्यात.

पहिली म्हणजे, दिवाळीची यात्रा उतरली की अस्तंभ्याला पळत जाऊन यायचं. असलीहून शिखर आणि परत. सातपुड्यातला १३२५ मीटरचा डोंगर. यात्रेकरू रात्रभर चालत जातात ती वाट, फक्त गर्दी नसताना. पळत म्हणजे जिथं पळता येईल तिथं, उगाच कुणी हसू नका.

दुसरी, जानेवारीत एक शिळा. साक्रीकडे एका डाईकच्या उत्तर अंगाला पडली आहे. डाईक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धुळे-नंदुरबारकडे शेताशेतांतून साधारण पूर्व-पश्चिम सरळ रेषेत जाणाऱ्या अरुंद काळ्या टेकड्या दिसतात ना, त्या. लाव्ह्याच्या थरांना भेगा पडल्या, खालून शिलारस त्या भेगांत घुसला आणि आतच थिजला. तो झाला डोलेराइट. आजूबाजूचा बेसॉल्ट झिजून गेला, हा चिवट म्हणून उभा राहिला. त्याच्या अंगावरून सुटलेले धोंडे पायथ्याला पडलेत, त्यातला हा एक. चारेक मीटर उंच, पुढे झुकलेला. सुरुवात बसून. उजव्या हाताला पहिलं पेर जेमतेम मावेल अशी धार, डाव्या हाताला चिमटीत धरायचा तिरका कंगोरा, मग डावी टाच डोक्याच्या उंचीवर अडकवायची आणि वरच्या गोलसर कडेवर न बघता हात टाकायचा. तिथं धरायला काही नाही, तळहात घासून जेवढा चिकटेल तेवढाच. मी तिथंच सुटतो. हंपीत जे काही चढलोय त्यावरून अवघडपणाची ग्रेड व्ही ५ धरतोय, पण ग्रेडवर वाद नको.

नोकरी असल्यामुळे लांबचं जे काय ते शनिवार-रविवारीच. सध्या शनिवारी लळिंगला किल्ला आणि कुरणातून लांब पळणं, रविवारी शिळा. मधल्या वारी घरी बोटांच्या ताकदीसाठी लाकडी पट्टीवर लटकणं आणि थोडं सपाट पळणं. हा क्रम बरोबर आहे का? की दोनातलं एक सोडू?

काळा_पाषाण

सोडू नको, उलट कर. शनिवारी शिळा, रविवारी पळणं.

कारण सांगतो. पळताना दिवसभरात तू एकदा पडलास तर पडलास. बोल्डरिंगमध्ये, म्हणजे दोराशिवाय शिळा चढण्यात, जमलं नाही तो प्रत्येक प्रयत्न पडण्यातच संपतो. चार मीटरवरून गादीवर उतरताना झटका मांड्यांनी आणि घोट्यांनी पचवायचा असतो. आदल्या दिवशी लळिंगचा उतार पळून मांड्या सुजवून आलास की तो झटका थेट गुडघ्यात जातो. घोटे मुरगळतात ते शिळा अवघड असते म्हणून कमी, थकलेल्या पायांवर पडल्यामुळे जास्त.

बोटांचंही तसंच. अवघड शिळेला ताजी बोटं लागतात. दोन प्रयत्नांमध्ये ३ ते ५ मिनिटं बसायचं, घड्याळ लावून. आपल्याकडे पोरं एकामागून एक उड्या मारत राहतात आणि तासाभरात ‘आज फॉर्म नाही’ म्हणून घरी जातात. फॉर्म असतो, विश्रांती नसते.

अनवाणी_जळगावकर

थोडा असहमत. डोंगरात लांब पळायचं तर थकल्या पायांनी पळायची सवय हवीच, आणि शनिवारी शिळा करून रविवारी पळालं तर पाय ताजेच राहणार. हात दुखतील, पाय नाही.

बरं ते असो. आधी अस्तंभ्याचं अंतर नाही, चढ मोज. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे आहेत, त्यावर साधारण २० मीटरच्या समोच्च रेषा असतात. वाट रेषा कुठे कुठे कापते ते मोज. खाली उतरून परत चढावं लागतं ते धरायला विसरू नको, डोंगराची उंची आणि एकूण चढाई या दोन वेगळ्या गोष्टी. मोबाईलचा जीपीएस चढाई फुगवून दाखवतो, दाबमापक असलेलं घड्याळ बरं.

मग जुना नेस्मिथचा ठोकताळा लाव. १८९२ चा आहे, अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा १६ किलोमीटर आणि ८०० मीटर चढ, तर ३ तास १२ मिनिटं अधिक १ तास २० मिनिटं, म्हणजे साडेचार तास. हा चालणाऱ्याचा वेळ. तू पळून लवकर येशील, पण पाणी, खाणं आणि उजेड याचा हिशोब चालणाऱ्याच्या वेळाचा ठेव. पाय मुरगळला तर चालतच यायचंय. ट्रेलवाले आणखी एक सोपं गणित करतात: १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचा १ किलोमीटर. वरचं उदाहरण २४ किलोमीटरचं झालं. आठवड्याची बेरीज याच मापात कर, नुसत्या किलोमीटरात केलीस तर फसशील.

बोंडअळी

वाखूसा (वाचनखूण साठवली).

आमच्याकडे या दिवसांत कापूस वेचणी असते. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला अशी ओरखडतात की संध्याकाळी मीठ लागलं तरी डोळ्यात पाणी. त्या बोटांनी धार धरायची म्हणजे... तापीकाठ भाऊ, तुमचं नोकरीचं बरंय.

वेचणीच्या दिवसांत मी बोटांचं काम बंदच ठेवतो आणि पळणं चालू. बांधाबांधाने. खर्च शून्य.

तापीकाठ

अनवाणी दादा, गणित पटलं. पण चढावर पळायचं कुठवर आणि चालायचं कुठून? मी दम लागेपर्यंत पळतो आणि मग मेल्यासारखा चालतो.

अनवाणी_जळगावकर

दम लागायच्या आधीच चालायला लाग. चढ १५-१६ अंशांच्या वर गेला की तेवढ्याच वेगाने वर जायला पळण्यापेक्षा चालणंच स्वस्त पडतं, हे मोजलेलं आहे. हात मांडीवर टेकवून, लहान पावलं, टाच पूर्ण टेकवत. मोठमोठ्या स्पर्धांतले पुढचे लोकही खड्या चढावर चालतात. आल्प्समधल्या युटीएमबी स्पर्धेला १७० किलोमीटरच्या वर अंतर आणि १०,००० मीटरच्या आसपास चढ असतो, तिथं कोण वरपर्यंत पळत जाणार.

सराव करायचा तर तोरणमाळचा घाट. शहाद्याच्या सपाटीवरून साडेअकराशे मीटरच्या आसपासच्या पठारावर जाता. सगळा रस्ता पळायची गरज नाही, काळापाणीच्या पुढचा खडा भाग घ्या. एसटी आणि जीपवाल्यांना जागा द्या. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते तेव्हा मात्र जाऊ नका, रस्ता दिसतच नाही.

डॉ_टाच

मी फिजिओ आहे. इथं कुणाला तपासत नाहीये, एवढं आधी लिहून ठेवते.

काळा_पाषाण यांच्या क्रमाला माझं मत. उतार पळताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो, तेव्हाच त्याला सगळ्यात जास्त इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतं. म्हणजे रविवारी उतार पळालात तर सोमवार-मंगळवार पाय जड, शनिवारपर्यंत मोकळे. हाच क्रम उलटा ठेवला तर सगळ्यात जड पायांनी तुम्ही शिळेवरून पडताय.

मात्र उताराचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. एकदा चांगला उतार पळून मांड्या दुखल्या की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने त्या कमी दुखतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. तेव्हा अस्तंभ्याच्या दोन-तीन आठवडे आधी एक चांगला लांब उतार करून घ्या. आदल्या आठवड्यात नको.

आता बोटं. स्नायू महिन्या-दोन महिन्यांत ताकद धरतो, कंडरा आणि बोटातल्या कप्प्या (कंडरा हाडाला धरून ठेवणारे पट्टे) त्याहून फार सावकाश. म्हणून नव्या माणसाला वाटतं आपण चाललोय भारी, आणि मग अनामिकेच्या मुळाशी ‘टप्’ आवाज येतो. ती ए-टू कप्पी. आवाज आला, सूज आली की त्या दिवसाचं चढणं संपलं, चिकटपट्टी गुंडाळून पुढे रेटायचं नाही. बोटांच्या दोन जोरदार सत्रांमध्ये ४८ तास ठेवा. लटकताना बोटं अर्धी वाकवून किंवा मोकळी ठेवून सराव करा, अंगठा वरून दाबून आवळलेली पकड पट्टीवर नको.

तापीकाठ

डॉक्टर ताई, माझी पट्टी सागवानाची आहे, सुताराकडून २० मिलीमीटर खोलीची करून घेतली. वरची कड पॉलिश पेपरने गोल केली, आधी ती कातडं सोलायची. १० सेकंद लटकणं, मग ३ मिनिटं विश्रांती, असे पाच-सहा. वजन पाठीवरच्या पिशवीतून वाढवतो. चालेल?

डॉ_टाच

चालेल. वजन वाढवायची घाई नको. पिशवी पाठीवर न घेता कमरेला बांधा, पाठीवर घेतली की खांदे मागे ओढले जातात. आणि लटकताना खांदे कानांशी चिकटू देऊ नका.

आबा_शिरपूरकर

तुम्ही पयतस कसाले? मांगे वाघ लागना का?

रावेरची_लेक

आबा, वाघ नाही पण अस्वल लागू शकतं! 😄

मस्करी बाजूला ठेवते. मी पालच्या बाजूला पळते, सुकी नदीच्या अंगाने. यावल अभयारण्याची हद्द सुरू झाली की परवानगीशिवाय आत जात नाही. पहाटे अंधारात एकटीने तर नाहीच. अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत, आणि अस्वल जास्त वाईट, कारण ते पळून जायच्या ऐवजी अंगावर येतं. मोहाच्या दिवसांत झाडाखाली हमखास. वळणावर टाळ्या वाजवायच्या, मोठ्याने बोलायचं, कानात गाणी नकोत. पानगळीत सागाच्या पानांवर पाय ठेवताना खालचा दगड दिसत नाही, तिथं वेग कमी करा.

पुरुष मंडळी ‘कुठेही जाऊन पळ’ म्हणतात त्यांना एक: आम्ही आधी कुणाला सांगून जायचं, गाडी कुठे लावायची, रेंज कुठे जाते, हे सगळं ठरवतो आणि मग बूट बांधतो. अस्तंभ्यालाही रेंजचा भरवसा धरू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. खाली गावात सांगून जा.

खाण्याचं. दोन-अडीच तासांच्या वर जाणार असाल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात. ताशी दोन केळी! आम्हाला जेलच्या पाकिटांवर पैसे घालवायची काय गरज. फक्त पिशवीत तळाला ठेवू नका, वर पोचेपर्यंत शिकरण होतं. मी राजगिऱ्याची वडी आणि गूळ-शेंगदाणेही ठेवते. नुसतं पाणी ढोसत राहू नका, घाम गेला की मीठही जातं. ओआरएसचं पाकीट ठेवा, नाहीतर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा सपाट चमचा मीठ.

अनवाणी_जळगावकर

+१. आणि ऊन! हा धागा थंडीचा आहे म्हणून कुणी बोललं नाही, पण सराव तर जूनपासून सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अंगाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, हळूहळू वाढवत नेलं तर. आणि सोडली की काही आठवड्यांत जाते. पुण्याहून सुट्टीला आलेला माणूस पहिल्याच दिवशी दुपारी चारला पळायला निघाला तर त्याला अडवा. पळताना कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या द्यायला लागलं, तर ‘दम लागलाय’ म्हणून सोडू नका. सावली, अंगभर पाणी, वारा आणि दवाखाना, याच क्रमाने आणि लगेच.

काळा_पाषाण

शिळेचं हवामान राहिलं की. लोकांना वाटतं थंडी फक्त माणसाला बरी. दगडावर पकड घामावर ठरते. गार, कोरड्या हवेत बोटं कोरडी, रबर कडक, घर्षण जास्त. काळा दगड दुपारभर ऊन पितो आणि संध्याकाळी परत देतो, म्हणून हवा गार वाटली तरी पश्चिमेकडची बाजू सात वाजेपर्यंत कोमटच.

पण तापीकाठ, तुझी शिळा उत्तर अंगाला आहे हे तुझं नशीब. डाईक पूर्व-पश्चिम जातो, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तर बाजूला डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ दिवसभर सावली. दुपारी बारालाही चढता येईल. तेच जूनमध्ये बघ: आपण २१ अक्षांशावर, सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला जातो, तेव्हा तीच बाजू तापते. जानेवारी निवडलास ते योग्य.

आणखी एक. डोलेराइट आणि बेसॉल्ट दोन्ही कांद्यासारखे पापुद्र्यांनी सुटतात. धार ओढायच्या आधी बोटाच्या पेराने ठोकून बघ. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर सोड. सुटलेला पापुद्रा तुझ्या हातात आणि तू पाठीवर, शिवाय खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर. आणि वर आग्या मोहोळ लटकलंय का ते आधी बघ. आपल्या कातळांच्या छतांना असतंच. असेल तर आवाज न करता मागे फिर, दुसरा दिवस बघ.

बोंडअळी

अडाणी प्रश्न. हाताला पांढरं लावतात ते काय? शाळेतला खडू का? आमच्या पोराने टाल्कम लावून बघितली, धडाधड सटकला.

काळा_पाषाण

मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम शोषतं. फळ्याचा खडू नाही आणि टाल्कम तर मुळीच नाही, ती उलट निसरडी. जिम्नॅस्टिक्सवाल्यांकडे मिळतं. बोल्डरिंगमध्ये ते आणलंच जॉन गिल नावाच्या जिम्नॅस्टने, १९५० च्या दशकात अमेरिकेत. गंमत म्हणजे आपल्या मल्लखांबाचं नेमकं उलटं, तिथं खांबाला एरंडेल लावतात. तरी मल्लखांबाची पोरं शिळेवर आली की पहिल्या दिवशीच आम्हाला लाज आणतात. विशेषतः दोरीवरची. पोट आणि मांड्या आवळायचं त्यांना शिकवावं लागत नाही.

उतरताना दगडावरचे पांढरे डाग ब्रशने पुसून यायचे. तारेचा ब्रश नको, नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा मऊ.

रावेरची_लेक

डागांवरून आठवलं. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी पितळखोऱ्याच्या लेण्यांवर आणि कण्हेरगडाच्या कोरीव कामावर असले प्रयोग करू नयेत. संरक्षित वास्तू आहेत, शिवाय गौताळा अभयारण्य. आणि शेंदूर लावलेला दगड कितीही सुंदर असला तरी तो शिळा नव्हे, देव आहे. सातपुड्यात वाघदेवाचे दगड असतात, कित्येकदा शेंदूरही पुसट झालेला असतो. गावातल्या माणसाला विचारलं की कळतं.

अवांतर_आनंद

तापीकाठ, शिळेचं नेमकं ठिकाण टाका ना. गुगलची पिन द्या. आम्हीही येतो, धुळ्याहून तासाभरात.

तापीकाठ

ठिकाण इथं टाकणार नाही. शेत खाजगी आहे, मालकांना विचारून जातो, ते चहा देतात. उद्या तिथं वीस मोटारसायकली उभ्या राहिल्या तर चहा बंद आणि वाटही बंद. निरोप पाठवा, सोबत घेऊन जाईन.

अवांतर_आनंद

हे म्हणजे खजिना लपवल्यासारखं झालं. हंपीचं सगळं छापील मार्गदर्शकात आहे, तिथं काय बिघडलं?

काळा_पाषाण

हंपीत चढणारे येतात म्हणून खोल्या, जेवण, गाद्या भाड्याने मिळायची सोय उभी राहिली. साक्रीत सध्या एक शेतकरी आणि त्याचा तुरीचा पट्टा आहे. तुरीतून चार माणसं चालली की त्याचं नुकसान. तापीकाठचं बरोबर आहे.

तापीकाठ

तर असा आठवडा लावतोय, बघा. शनिवारी सकाळी शिळा, पूर्ण ताजा. रविवारी चढ-उताराचं पळणं, पण उतार सावकाश. सोमवार सुट्टी. मंगळवारी पट्टी, गुरुवारी पट्टी हलकी, बुधवारी सपाट पळणं. शुक्रवारी काहीच नाही, घरचे खूश. अस्तंभ्याच्या तीन आठवडे आधी तोरणमाळच्या घाटातून मोठा उतार. अस्तंभा झाला की पळणं निम्म्यावर आणून जानेवारीपर्यंत शिळा. दोन्हींचं शिखर एकाच महिन्यात गाठायचा हट्ट सोडला.

राहिला प्रश्न गादीचा. बाहेरून मागवलेल्या क्रॅश पॅडचे (शिळेखाली अंथरायच्या तयार गाद्यांचे) भाव बघून पोटात गोळा आला. सध्या घरची कापसाची गादी नेतो.

बोंडअळी

कापसाची नका नेऊ भो! कापूस दोन दणक्यांत बसतो, मग खालचा गोटा लागतो. कापूसवाला सांगतोय, ऐका.

माझ्या मावसभावाचं फोमचं दुकान आहे, त्याने पोरांसाठी एक केली होती. खाली मऊ फोम, साधारण चार इंच. त्यावर दाबला न जाणारा कडक फोम एक इंचाचा, योगाच्या जाड चटईसारखा पण अजून टणक. कडक थर वरच हवा, पाय पडला की तो झटका पसरवतो आणि खालचा मऊ तो गिळतो. उलटं केलंत तर पाय मऊ थरात रुतून घोटा वळतो. खोळ ट्रकच्या ताडपत्रीची, कडेला शाळेच्या दप्तराचे पट्टे शिवून पाठीवर घ्यायची सोय.

काळा_पाषाण

थरांचं अगदी बरोबर सांगितलं. दोन गाद्या लावल्या तर मधे फट ठेवू नका, फटीत पाय गेला की संपलं. वरून एक सतरंजी टाका. आणि खाली उभा राहणारा माणूस झेलायला नसतो, पडणाऱ्याची कंबर-खांदे गादीच्या दिशेने वळवायला असतो, डोकं वाचलं की त्याचं काम झालं. अंगठे आत दुमडून उभं राहा, नाहीतर पडणाऱ्यापेक्षा तुमचेच मोडतील. तुझ्या त्या टाच अडकवण्याच्या चालीत तू आडवा पडणार आहेस, पायांवर नाही. गादी शिळेच्या बुडाशी नको, हातभर मागे घे.

आबा_शिरपूरकर

गादी लई जाताय तं दुपारले झोपीबी घ्या तिठे. शेवभाजी मी धाडस.

तापीकाठ

आबा, शेवभाजीचं लक्षात ठेवतो, तिखट कमी. बोंडअळी भाऊ, मावसभावाला विचारा दोन गाद्यांचे किती होतील आणि वेचणी आटोपल्यावर तुम्ही स्वतः येणार का. काळा_पाषाण, जानेवारीत नंदुरबारला घरी येशील तेव्हा एक शनिवार मोकळा ठेव, खाली उभं राहायला माणूस कमी पडतोय.

बोंडअळी

विचारलं. फोमचे पैसे द्या, शिलाई तो घेणार नाही म्हणतोय, पण त्यालाही शिळा बघायचीय. बोलेरोच्या टपावर बांधून आणतो, दोरी तुमची.